मौका पाहिल्याशिवाय सही नाही

आमच्याकडे शेत नव्हतं. हे आधीच सांगून टाकते, कारण आमच्या भागातली गोष्ट म्हटली की लोकांच्या डोळ्यांपुढे कापूस उभा राहतो. आमचं गाव तेलंगणातल्या भीमपूर मंडलात, म्हणजे तालुक्यात, पैनगंगेच्या अलीकडे. पलीकडे महाराष्ट्र. शेतं चहूकडे होती, पण दुसऱ्यांची. बाबा जिनिंगमध्ये कापसाच्या गाठी उचलायचे. मी नववीत असताना रुईच्या धुळीनं त्यांची छाती धरली. मग बाबा ओसरीवर बसून खोकायचे आणि आई गवत कापायची. नदीकाठचं, बांधावरचं, रस्त्याच्या कडेचं. पहाटे कापायचं, भारे बांधायचे, दुधाच्या टेम्पोवर टाकायचे आणि आदिलाबादेत म्हशीवाल्यांच्या दारी उतरवायचे. आमच्या घरात त्या वर्षांत जे शिजलं ते गवतावर शिजलं. हे सांगायला मला लाज वाटत नाही.

आईचा भारा कुणी सोडून पाहत नसे. काही बाया पोटात ओलं गवत, काटेकुटे भरायच्या. आईच्या भाऱ्यात वर जे तेच आत. म्हशीवाल्यांना ते ठाऊक होतं. कमावता नवरा, शिकलेला मुलगा, शेत, यांतलं काही नव्हतं तिच्याकडे. हा एवढा भरवसा होता.

एकाच घरी भारा सुटायचा. शहराच्या टोकाला एका निवृत्त गिरदावर साहेबांचं घर होतं. गिरदावर हा आमच्याकडचा निजामाच्या काळापासूनचा शब्द. कुणाच्या शेतात काय पेरलंय, कोण कसतंय, याची पाहणी करून कागदावर सही करणारा माणूस. मी त्यांना काका म्हणायचे, पण शहर त्यांना निवृत्तीनंतरही गिरदावर साहेबच म्हणत होतं. त्यांनी एक गाय पाळली होती. आईनं पहिल्यांदा तिथे भारा टाकला, तर साहेबांनी दोरी सोडली, अंगणात उकिडवे बसले आणि काडी काडी वेगळी करून रांगा लावायला लागले.

"ओ साहेब, माहा भारा आजवर कोनी सोडून पायला नाई," आई म्हणाली.

"बाई, तुमच्यावर शक नाई. मले गवत पाहाचं हाय."

"पाहाचं का खाऊ घालाचं? गाय तोंड वासून राह्यली."

"थांबते गाय. हे कुंदा. हे मारवेल. हे कोनतं?"

"पवन्या."

"कशावरून?"

आई कंबरेवर हात ठेवून उभी राहिली. "तुमी मानूस हा, हे मी कशावरून म्हनते? दिसते म्हनून. तसंच ते."

साहेब हसले नाहीत. त्यांनी खिशातून भिंग काढलं, काडी उन्हात धरली आणि पाच मिनिटं बघत बसले. दुसऱ्या दिवशी आईनं मुद्दाम दहा जातींचं गवत एका भाऱ्यात बांधून नेलं. त्यांनी आठ ओळखली. घरी येऊन आई म्हणाली, "बुडा येडा हाय, पन शिकते."

मला डिग्री कॉलेजात वनस्पतिशास्त्राला प्रवेश मिळाला, तेव्हा आईनं माझ्या राहण्यासाठी त्यांच्या मागच्या खोलीबद्दल विचारलं. साहेब म्हणाले, मौका पाहून सांगतो. मौका म्हणजे प्रत्यक्ष जागा. पुढच्या रविवारी ते बसनं आमच्या गावी आले, ओसरीवर बाबांशेजारी बसले, पाणी प्याले, एकही प्रश्न विचारला नाही आणि परत गेले. सोमवारी आईला म्हणाले, "पोरीले आना."

त्यांच्या बोलण्यात हा मौका दिवसातून दहा वेळा यायचा. काकू स्वयंपाकघरातून विचारायच्या, "अहो, पानी आलं का नळाले?" साहेब "आलं असंल" असं कधी म्हणत नसत. उठायचे, नळापर्यंत जायचे, हात ओला करायचे, परत यायचे आणि सांगायचे, "आलं." कुणी विचारलं, अमक्याचा मुलगा कसा आहे, आमच्या मुलीसाठी विचार चाललाय, तर दोन दिवस त्या मुलाच्या ऑफिससमोर चहाच्या टपरीवर जाऊन बसायचे. मग म्हणायचे, "जेवनाच्या सुट्टीहून येळेवर परत येते. बाकी मले मालूम नाई."

"मले पाहाले तीनदा आले हे," काकू मला सांगायच्या. "तिसऱ्यांदा माह्या बापानं इचारलं, बावा, पोरगी पाहून राह्यले का जमीन मोजून राह्यले?"

"मंग? चूक निंगाली का?" साहेब बाहेरून म्हणायचे.

"माही निंगाली."

त्यांच्या छत्रीच्या दांड्यावर खिळ्यानं इंच कोरलेले होते. छत्री पावसासाठी कमी, गवताची उंची मोजायला जास्त. शर्टाच्या खिशात भिंग, पँटच्या खिशात कागदाच्या पुड्या, पुड्यांत बिया. बस कुठेही दोन मिनिटं थांबली की उतरायचे आणि कडेचं गवत उपटायचे. तामसीच्या रस्त्यावरचा एक कंडक्टर त्यांना पाहिलं की ड्रायव्हरला आधीच ओरडून सांगायचा, "गड्डी सार चढून राह्यले, आता टाइम विसरा!" गड्डी म्हणजे तेलुगूत गवत. साहेबांना त्या नावाचा राग नव्हता. एकदा म्हणाले, "गिरदावर सरकारनं केलं होतं. हे मी कमावलं."

तर हे सगळं कशासाठी? इंटरनेटवर गवताच्या हौशी लोकांचा एक मंच होता. आजही आहे. देशभरातले लोक गवताचे फोटो टाकतात. कुणी शिक्षक, कुणी बँकेतला, कुणी नुसताच फिरणारा. तुम्ही फोटो टाकायचा, जागा लिहायची, नाव सुचवायचं. दुसरे सहमती द्यायचे किंवा नाही द्यायचे. पुरेशी सहमती झाली की नोंद पक्की. प्रत्येकाच्या नावापुढे भरवशाचा एक आकडा, शंभरपैकी. बरोबर ठरलात की चढतो, चूक ठरलात की उतरतो. मोठ्या आकड्याच्या माणसाची सहमती जड, लहानाची हलकी. आणि आपणच आपली चूक ओळखून मत मागे घेतलं तर आकडा कमी उतरतो, दुसऱ्यानं पकडली तर जास्त. हा शेवटचा नियम साहेबांना फार आवडायचा. "कबुलीले सूट हाय," ते म्हणायचे. "असं कायद्यात पायजे होतं."

सकाळी चहाच्या आधी ते फोन उघडायचे. काच तडकलेला फोन, डोळ्यांपासून हातभर लांब.

"एक्क्यान्नव."

"ताप हाय का?" काकू विचारायच्या. रोज.

मला वाटायचं, इतका मोठा माणूस आणि आकड्याचा एवढा नाद! पण मी तरी काय वेगळी होते? मला त्यांनीच मंचावर आणलं आणि महिनाभरात मी त्यांच्याहून वाईट झाले. वर्गात फोन बघायचे, जेवताना बघायचे, बसमध्ये रेंज गेली की फोन खिडकीबाहेर धरायचे. अडतीस. एकेचाळीस. चाळीस. कोण उतरवून गेलं? का? माझ्या घरात माझ्याआधी कुणी दहावीसुद्धा झालं नव्हतं. कॉलेजात ओळख सांगताना मी वडील काय करतात या प्रश्नापाशी अडखळायचे. मंचावर हा प्रश्न कुणी विचारत नव्हतं. कुणाची पोरगी, कुठलं गाव, तेलुगू धड येतं का, काही नाही. गवत ओळखता येतं का, एवढंच. तो आकडा मला माझ्या आडनावाहून जवळचा वाटायचा. म्हणूनच तो मला स्वस्थ बसू देत नव्हता.

आकडा वाढवण्याची सोपी वाट मंचावर सगळ्यांना ठाऊक होती. मोठ्या माणसानं नाव सुचवलं की पटकन जाऊन सहमती द्यायची. साहेब याला "हो ला हो" म्हणायचे. त्यांनी जिथे मौका पाहिला नाही तिथे सहमती द्यायची नाही असा नेम केला होता. त्यामुळे त्यांचं मत आदिलाबाद जिल्ह्याबाहेर नव्हतंच. बाकीच्यांची मतं हजारांत, यांची दोनशेही नाहीत. शिवाय दर अमावास्येला आपली जुनी मतं काढून बसायचे आणि ज्यांच्याबद्दल मन खायचं ती मागे घ्यायचे. अमावास्येच्या दुसऱ्या दिवशी आकडा हमखास उतरलेला असायचा आणि साहेब हमखास खुशीत असायचे.

एकदा एका शहरातल्या मोठ्या सदस्यानं, ज्यांचा आकडा सत्त्याण्णव होता, बोथजवळच्या एका माळावरच्या फोटोला नाव दिलं. ते कधी आमच्या भागात आलेले नव्हते. तासाभरात बारा जणांची हो ला हो. नोंद पक्की. साहेब दुसऱ्या दिवशी बोथला गेले. मीही सोबत होते. हायवेवर उतरून आम्ही दीड तास चाललो, जागा शोधली. साहेबांनी गवताचं पान बोटांत चुरडलं, माझ्या नाकापाशी धरलं. लिंबासारखा, थोडा तिखट वास.

"काय हाय?"

"तिखाडी."

"फोटोले वास येते का?"

त्यांनी मंचावर लिहिलं: 'असहमत. मौका पाहिला. वास घेतला.' बारा जणांविरुद्ध एक. आकडा चारानं उतरला. वर एकानं लिहिलं, 'काका, नाकानं नाही, डोळ्यांनी ओळखा.' मी तडफडत होते. उत्तर द्या म्हटलं, भांडा म्हटलं. त्यांनी काही लिहिलं नाही. चार महिन्यांनी कुणीतरी बियांसह फोटो टाकले आणि एकेक जण गुपचूप मत बदलून गेला. साहेबांचा आकडा परत आला. कुणी क्षमा मागितली नाही.

"तुम्हाला राग नाही येत?" मी विचारलं.

तेव्हा ते बोलले. माळावरच्या एका पळसाखाली आम्ही बसलो होतो, दुसऱ्याच कुठल्यातरी गवतासाठी गेलो होतो. म्हणाले, "पोरी, मी तीस वर्षं सही केली. चिंचेच्या झाडाखाली बसून. गावचा मानूस सांगे, ह्या वावरात जवारी, त्या वावरात कापूस, अमका कसते, तमका कसते. मी लिवो. कोन उन्हात फिरते? एक बाई होती. नवरा मेल्यावर स्वतः वावर कसत होती. गावानं सांगतलं, दीर कसते. मी दीर लिवला. बाई दफ्तरात आली. म्हने, साहेब, येऊन पाहा, माह्या हाताले घट्टे हाय. मी म्हनलं, बाई, कागद पक्का झाला."

"मग?"

"मंग काय. मले बढती भेटली." बराच वेळ ते गवताची काडी दातांखाली फिरवत राहिले. "तिथं मले मत मागं घ्याची सोय नव्हती असं मी लोकाले सांगतो. खरं म्हंजे होती. मीच घेतलं नाई. आकडा कोठी उतरत होता माहा?"

नंतर विचार केला तेव्हा कळलं की या माणसाला मंचावरच्या आकड्याचा नाद नव्हता. त्याला चूक केली की काहीतरी उतरायला हवं होतं, लगेच, सगळ्यांच्या देखत. नोकरीत त्याला ते मिळालं नव्हतं.

माझी पदवी झाली. पहिल्या वर्गात. गावात मारुतीच्या पारावर आईनं साखर वाटली, बाबा खोकत खोकत पाराला टेकून उभे होते. आणि मग काहीच झालं नाही. पदवी कपाटात आणि मी दारात. साहेबांच्याच खोलीत राहून सहा महिने नुसते अर्ज. त्यातच एका संस्थेची जाहिरात आली: जिल्ह्यातल्या गवताळ जमिनींचं सर्वेक्षण, क्षेत्र सहायक हवेत, स्थानिक मुलांना प्राधान्य. ओळख कितपत येते हे कसं बघणार? तर त्या मंचावरचा भरवशाचा आकडा साठ किंवा वर असावा. यादी दिवाळीआधी बंद.

माझा आकडा चोपन्न होता.

त्या दिवसांत मी एका जागी बसले नाही. आज तामसी, उद्या भीमपूर, परवा बोथ. साध्या गवतांना अर्धा-पाव गुण, त्यानं काय होतंय? दसऱ्याच्या आसपास गावी गेले होते. नदीकाठी आईच्या नेहमीच्या जागेपासून जवळच मला ते दिसलं. बुटकं, बारीक पानाचं, वर एकच आखूड कणीस. पुस्तक काढलं. हुबेहूब. लांबलचक लॅटिन नावाचं, दक्षिणेकडच्या खडकाळ माळांवर सापडणारं गवत. आमच्या जिल्ह्यातून त्याची एकही नोंद नव्हती. पहिल्या नोंदीला सात गुण. वरून चार फोटो काढले, बुडाशी गाळ होता तिकडे पाहिलंही नाही, आणि बसमध्ये बसूनच नोंद टाकली.

नवीन नोंद पक्की व्हायला जिल्ह्यातल्या जड आकड्याच्या माणसाची सहमती लागायची. असा माणूस एकच होता, आणि त्याचा गुडघा सुजलेला होता. आठवड्यापूर्वी बोथच्या उतारावर साहेब घसरले होते. आमच्या स्टॉपपासून नदी अडीच किलोमीटर.

"गुडघा बरा झाला की जाऊ," ते म्हणाले.

"तोवर यादी बंद होईल."

"मौका पाह्यल्याशिवाय सही नाई, पोरी."

"मी खोटं बोलते का?"

"तुह्यावर शक नाई."

"मग कुणावर आहे?" मी ओरडलेच. चार वर्षांत पहिल्यांदा. "माझ्या घरी काय आहे तुम्ही पाहून आलाय. मला नाही कुणी चिंचेखाली बसवून बढती देणार!"

हे मी बोलायला नको होतं. साहेबांनी मान खाली घातली. काकू पदराला हात पुसत बाहेर आल्या.

"ह्या पोरीले तुमी चार वर्षं पाहून राह्यले," त्या म्हणाल्या. "सकाळ-संध्याकाळ. तो मौका नोहे का? काऊन छळता तिले?"

साहेब बराच वेळ तडकलेल्या काचेवर बोट फिरवत राहिले. मग सहमती दाबली. मौका न पाहता दिलेलं त्यांचं मंचावरचं पहिलं मत. संध्याकाळपर्यंत त्यांच्यामागून नऊ जण आले, कारण सगळ्यांना ठाऊक होतं की गिरदावर सही करतो म्हणजे जाऊन आलेला असतो. नोंद पक्की झाली. माझा आकडा एकसष्ट. मी अर्ज पाठवला.

यादी बंद व्हायला सहा दिवस होते. मी गावी गेले, आईला दाखवावं म्हणून. आपल्या पोरीनं जिल्ह्यात पहिल्यांदा काहीतरी शोधलं, हे तिला त्याच जागी उभं राहून सांगायचं होतं. आई खाली वाकली, दोन बोटांनी गाळ बाजूला केला.

"हे का व? हे तं पवन्या हाय."

"नाही आई. पवन्या एवढा बुटका असतो का?"

"म्याच कापला होता पोळ्याच्या आंधी. फुटवा हाय तो. कापल्यावर असाच येते, मुडदूस झाल्यावानी." तिनं गाळातले खुंट दाखवले. प्रत्येक खुंट तिरपा कापलेला. आईच्या विळ्याचा काप. "तू मले इचारलं काऊन नाई?"

काऊन नाही? मी पदवीधर होते. वनस्पतिशास्त्राची. पुस्तकात कापलेल्या गवताचा फोटो नसतो, कारण पुस्तक लिहिणाऱ्यांच्या घरी गवत कापत नाहीत. माझ्या घरी कापत होते, आणि तरी मला ते दिसलं नाही. त्या गवतावर मी वाढले आणि त्याच गवताला ओळखलं नाही.

ते तीन दिवस मी कसे काढले ते मलाच माहीत. कुणाला कळणार होतं? पंधरा दिवसांत सगळं गवत पिवळं पडणार, आई पुन्हा कापणार. नोंद पक्की, दहा जणांची सहमती. शहरात परतून मी खोलीत फेऱ्या मारायचे, फोन उघडायचे, 'मत मागे घ्या' या शब्दांवर बोट न्यायचे आणि फोन उलटा ठेवायचे. मागे घेतलं की आकडा साठाखाली. अर्ज गेला. बाबांच्या औषधाचं काय, आईच्या पाठीचं काय? आणि नाही घेतलं तर? साहेबांचा तो एक्क्याण्णव.

चौथ्या दिवशी सकाळी सहाला दारावर छत्रीचा दांडा वाजला. "चाल. गुडघा बरा हाय."

"कुठे?"

"भीमपूर. मौका राह्यला ना."

"काका, तिकडे चिखल आहे."

"असू दे."

"बस वेळेवर नसते."

"पोरी, बस कवा येळेवर होती?"

"आज माझं डोकं दुखतंय."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी त्यांच्यासोबत निघाले. बसस्टँडवर बाकावर बसलो होतो, समोर भीमपूरची बस लागली, आणि मी सगळं सांगून टाकलं. फुटवा, विळा, तीन दिवस, सगळं. मला वाटलं, आता हा माणूस उठून निघून जाईल. ते उठले खरे. बसकडे चालायला लागले.

"काका, मी सांगितलं ना, ते चूक आहे. आता कशाला जायचं?"

"तू सांगतलं म्हनून मी मागं घेऊ? परत हो ला हो?" ते पायरीवर लंगडा पाय ठेवत म्हणाले. "मत मागं घ्यालेही मौका पाहा लागते."

अडीच किलोमीटर. त्यांनी तीनदा थांबून गुडघा चोळला. आई नदीकाठी विळा घेऊन होतीच. साहेबांना पाहून म्हणाली, "लेकीची चूक पाहाले आले का?"

"माही," ते म्हणाले आणि गाळात उकिडवे बसले. छत्रीचा दांडा खुंटाला लावून उंची मोजली. काप किती तिरपा ते पाहिलं. आईचा विळा मागितला, एक काडी कापून काप शेजारी धरला. मग भिंग. आई उभ्यानं बघत होती.

"कशावरून म्हनता फुटवा?" त्यांनी तिला विचारलं.

या वेळी आई रागावली नाही. तीही खाली बसली. "हे पाहा, बुडखा जुना, जाड. त्याच्यातून पानं कवळी निंगाली. अन् एकच कनीस, कारन ताकद उरली नाई. पुढच्या साली तुमी इथंच या, मी नाई कापत, चांगला छातीइतका पवन्या दाखवते."

"पटलं," साहेब म्हणाले. एवढा एक शब्द त्यांच्याकडून मिळवायला मंचावरच्या लोकांना वर्षं लागायची.

रेंज नव्हती. ते उंचवट्यावर चढले, फोन आभाळाकडे धरला, थांबले, पुन्हा धरला. मग सहमती मागे घेतली. खाली लिहिलं: 'मौका न पाहता सही केली होती. चूक माझी. आता पाहिला.' एक्क्याण्णवाचे शहाऐंशी झाले. फोन खिशात ठेवून ते माझ्याकडे न बघता आईशी बोलायला लागले, गाय किती दूध देते वगैरे. माझी नोंद तशीच उभी होती. त्यांनी तिच्याबद्दल एक शब्द काढला नाही.

"आणि माझं?" मी शेवटी विचारलं.

"तुही सही मी कशी खोडू?"

मी उंचवट्यावर गेले. आई खालून बघत होती. तिला काय चाललंय ते नीट कळलं नव्हतं, पण काहीतरी माझं जाणार हे तिला कळलं होतं. "काय होते व त्यानं?" तिनं विचारलं. मी म्हटलं, "नोकरी जाते आई." तिनं सूर्याकडे पाहिलं. मग म्हणाली, "तं मंग लवकर कर. ऊन चढून राह्यलं." मी मत मागे घेतलं. कारण लिहिलं: 'कापलेल्या पवन्याचा फुटवा. कापणारी माझी आई. तिला आधी विचारलं नाही.' एकसष्टाचे बावन्न झाले. परतीच्या बसमध्ये साहेब झोपले. मी त्या दिवशी फोन पुन्हा उघडला नाही.

त्या वर्षी माझी निवड झाली नाही. संस्थेकडून दोन ओळींचं पत्र आलं, आकडा अपुरा. मी रडले, आदळआपट केली, काकूंनी दोन दिवस माझ्याशी कुणाला बोलू दिलं नाही. साहेबांनी सांत्वन केलं नाही. नंतर एकदा म्हणाले, मंचावरच्या फॉर्मात आता एक नवा प्रश्न आलाय, तू पाहिला का? 'हे गवत कापलेलं किंवा चरलेलं आहे का?' कुणी घातला माहीत नाही. पण तो आजही तिथे आहे, आणि त्याचं उत्तर लिहिल्याशिवाय नोंद पुढे जात नाही.

वर्षभर मी आईसोबत गवत कापायला गेले. पहाटे विळा, दुपारी भिंग. मंचावर नोंदी थोड्याच टाकल्या.

साहेब अजून आहेत. गुडघा कायमचा गेला, आता जिल्ह्यात कुठेही रिक्षा करूनच जातात आणि रिक्षावाल्याला तासभर उभा ठेवतात. त्यांचा आकडा अठ्ठ्याऐंशी आहे. काकू अजून विचारतात, ताप हाय का. गेल्या महिन्यात त्यांनी माझ्या एका नोंदीवर असहमती टाकली. मी फोन करून भांडले. ते म्हणाले, "ये, जाऊन पाहू." अजून जाणं झालेलं नाही आणि मला ते सारखं खुपतंय.

त्या नकाराच्या पुढच्या वर्षी मी त्याच संस्थेत पुन्हा अर्ज केला. आकडा त्रेसष्ट होता. माझी निवड झाली. आज मी भीमपूर, तामसी आणि बोथ या तीन मंडलांच्या गवत सर्वेक्षणाची क्षेत्र सहायक आहे, आमच्या घरातली पहिली पगारदार. आईनं भारे विकणं बंद केलं आहे.